रामकुंडावर दिलेला शब्द

आमचा स्वराज जन्मापासून अंथरुणाला खिळलेला. सतरा वर्षं मी त्याला भरवलं, आणि कोणी ‘बिचारा’ म्हटलं की त्याला दारातूनच वाटेला लावलं. ललित तसा नव्हता. माझे यजमान देवराम सिन्नरच्या कारखान्यात कामाला. तिथल्या निम्म्या कामगारांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न ललितच भरायचा आणि आलेल्या रिफंडातला थोडा वाटा घ्यायचा. दर जुलैत घरी आला की आपली टोपी आधी स्वराजच्या डोक्यावर ठेवायचा आणि मग चहाला बसायचा. अपंग मुलाच्या बापाला करात सूट मिळते, हेही त्यानंच सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी थंडीत स्वराज गेला. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. ह्यांनी हात जोडून सांगितलं, दिरांनी सांगितलं, माझ्या भावानं सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी ललित पुढे झाला.

“स्वराज, आईबाबांची काळजी करू नको. मी बघतो त्यांचं.”

तो मागे सरला आणि कावळा आला. मी ढसाढसा रडले.

तेव्हापासून ललित घरचाच झाला. त्यानं फोन करायचा, ह्यांनी ओटीपी सांगायचा. काय भरलं, कोण विचारतंय! रिफंड आधीसारखाच येत राहिला. त्यातून आम्ही स्वराजच्या नावानं अपंग मुलांच्या शाळेला चाकाची खुर्ची दिली. ललित पेढे घेऊन सोबत आला होता.

यंदा इन्कम टॅक्सची नोटीस आली. ललितचा फोन बंद, ऑफिसला कुलूप. कारखान्यातल्या कितीतरी जणांची हीच गत. शेवटी नाशिकरोडला पल्लवी नावाच्या सीए बाईंकडे गेलो. त्यांनी कॉम्प्युटरवर सगळं पाहिलं.

“काका, मुलाचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागेल. अजून तुमच्याकडेच असतो ना तो?”

“मुलगा नाय आता, ताई,” हे म्हणाले. “तीन वर्षं झाली.”

बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. स्वराज गेला ते वर्ष सोडलं, तरी पुढच्या दोन्ही वर्षांच्या रिटर्नमध्ये तो जिवंत होता. रिफंडातला आपला वाटा चालू राहावा म्हणून ललितनं त्याला जिवंत ठेवलं होतं. दहाव्याला आलेला माणूस! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“फसवलं त्यानं, पण रिटर्न तुमच्या नावावर आहे,” बाई हळूच म्हणाल्या. “पैसे व्याजासकट तुम्हालाच भरावे लागतील, दंडही लागेल. आधी मुलाचं नाव काढून दुरुस्त रिटर्न भरू.”

त्यांनी नाव काढलं. ह्यांच्या फोनवर ओटीपी आला.

“सांगा, काका.”

ह्यांच्या तोंडून आकडा फुटेना. ललितला एका दमात सांगायचे. मी फोन घेतला आणि मीच वाचून दाखवला.

बाहेर रिक्षाची वाट बघत उभे होतो. मी ललितला तोंडाला येईल ते बोलत होते.

“आपण फसलो त्याचं काय नाय गं,” हे म्हणाले. “पोरगं त्याच्या शब्दावर निघून गेलं.”