नळीचं टोपडं

शिवणवालीचं साऱ्या जगाबद्दल एक ठाम मत होतं: कुणाला धड काही येत नाही. कारखान्यांना गुंडी टिकेल अशी लावता येत नाही, डॉक्टरांना खोकला कळत नाही आणि रहदारी खात्यातल्या साहेब लोकांना तर खुर्ची उबवण्यापलीकडे काहीच जमत नाही. हे शेवटचं मत तिने नवऱ्याच्या शर्टांवरून बनवलं होतं.

नवरा रहदारीचा हवालदार, सोळा वर्षं एकाच चौकात. सकाळी पांढराशुभ्र जायचा आणि संध्याकाळी भट्टीवरून आल्यासारखा परतायचा. कॉलर तीनदा घासली तरी बादलीतलं पाणी काळंच.

"बाहेर ही दशा, तर छातीत काय असेल?" ती विचारायची.

"आत कोण बघायला जातंय," असं म्हणून तो खोकायला लागायचा.

खोकला दोन वर्षांचा झाला होता. रात्री उशीला टेकून बसल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली आणि सल्ला दिला, की धुरापासून लांब राहा. चौकातल्या हवालदाराला! शिवणवाली दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत कशीबशी गप्प राहिली.

म्हणून खात्याने मोजणी काढली, तेव्हा तिला पहिल्यांदाच वाटलं, की वर कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडलाय. बारा चौक, बारा हवालदार आणि बारा यंत्रं. माणसाच्या नाकात किती धूर जातो, ते आठ दिवस मोजायचं. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला, तर बाराही जणांना चौकात चारच तास काम आणि बाकीचा वेळ आत, कचेरीत. नवऱ्याच्या चौकात तर बस थांबते, ट्रक वळतात आणि रिक्षा दिवसभर धूर ओकत उभ्या असतात. आकडा आभाळाला भिडणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. त्या चार तासांवर तिने सगळा जीव टांगला.

यंत्रं वाटायचं काम शेरेसाहेबांकडे होतं. आलेल्या प्रत्येक कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे, म्हणून हे नाव. यंत्रांबरोबर चौदा पानांची माहितीपुस्तिका आली होती. ती हरवू नये म्हणून साहेबांनी कुलपात ठेवली. मग हवालदारांना रांगेत उभं करून एकच सूचना दिली. "यंत्र जसं नेलं तसं परत आलं पाहिजे. डाग दिसला तर गाठ माझ्याशी आहे."

यंत्र म्हणजे पट्ट्याला लावायची डबी आणि तिच्यातून निघून कॉलरपाशी अडकवायची नळी. हवा नळीतून आत ओढली जायची. पहिल्याच संध्याकाळी नळीचं तोंड काळंठिक्कर पडलं. नवरा तासभर ओल्या फडक्याने ते पुसत बसला. सरकारी शिट्टीसुद्धा रोज पुसून ठेवणारा माणूस तो; त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"एका दिवसात ही गत. आठ दिवसांनी साहेबांना काय दाखवू?"

"उंटावरचे शहाणे!" शिवणवाली कडाडली. "यंत्र धुरात पाठवायचं आणि त्याला साधी खोळ नाही! एकाला तरी डोकं आहे का तिथे?"

तिने पडद्याचं उरलेलं जाड कापड काढलं आणि डबीला बेतशीर खोळ शिवली. नळीच्या तोंडासाठी तिपदरी कापडाचं, इलॅस्टिकचं इवलंसं टोपडं केलं. तान्ह्या बाळाला बसेल तसं ते नळीला बसलं. नवऱ्याला जरा शंका आली.

"अगं, पण त्याला हवा कळेल ना?"

"दार लावलं तरी शेजारणीचं करपलेलं दूध आपल्याला कळतं. मग एवढ्या हुशार यंत्राला कळणार नाही? डबीवरचा दिवा लागतोय ना? मग झालं तर."

दिवा लागत होता. सात दिवस टोपडं काळं होत गेलं. ती रोज रात्री ते धुऊन वाळत घालायची आणि नळी मात्र आरशासारखी लख्ख राहायची.

निकालाच्या दिवशी साहेबांनी हवालदाराला जोडीने बोलावलं. बाकीचे अकरा जण व्हरांड्यातल्या बाकावर आळीपाळीने खोकत बसले होते. आत साहेबांनी खुर्ची पुढे केली, तेव्हाच शिवणवालीला संशय आला.

"वहिनी, अभिनंदन! बारा यंत्रांत एकच स्वच्छ परत आलं. बाकीची अकरा काजळीने बरबटलेली. आकडेही भलतेच चढे. मी सरळ शेरा मारला: यंत्रं नादुरुस्त, आकडे बाद. विश्वासार्ह आकडा फक्त यजमानांचा."

"आणि... तो किती आला?"

"अहो, उत्तम! पहिल्या दिवशी चढा होता, पण यंत्र नवखं होतं. पुढे चौकातली हवा माझ्या केबिनपेक्षा चांगली! तेव्हा चार तासांची भानगड मिटली. आहे तसंच चालू." साहेबांनी खोळ आणि टोपडं कौतुकाने उलटसुलट करून पाहिलं. "आता मोजणी दरवर्षी होणार. असे आणखी अकरा जोड शिवून द्याल?"

शिवणवालीने साहेबांच्या हातातल्या टोपड्याकडे पाहिलं. जन्मभर तिने जगाची अक्कल काढली होती, आणि नेमकी स्वतःची तेवढी तपासायची राहिली होती. तिला स्वतःची अशी लाज वाटली, की साहेबांचा राग यायलाही क्षणभर वेळ लागला.

"साहेब, हे टोपडं नळीच्या तोंडावर होतं," ती म्हणाली. "सात दिवस. धूर त्यातच अडकला. मी रोज धुवायचे. बादलीभर काळं पाणी निघायचं."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी टोपडं हलकेच टेबलावर ठेवलं. "वहिनी, अहवाल वर गेलाय. सगळे खूश आहेत. असं लेखी दिलंत तर यंत्रात ढवळाढवळ केल्याचा ठपका यजमानांवर येईल. नोकरीचा प्रश्न आहे. झाकली मूठ बरी."

नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. "चल," तो पुटपुटला. "जाऊ दे."

ती उठली, पण घरी जायला नाही. व्हरांड्यात येऊन त्या अकरा जणांसमोर उभी राहिली.

"तुमचे आकडे खरे होते," ती मोठ्याने म्हणाली. "तुमची यंत्रं धडधाकट होती. खोटा आकडा आमचा. मी नळीचं तोंड बांधलं, आणि साहेबांनी तुमचे आकडे फेकून तोच धरला. चार तास गेले ते माझ्यामुळे. मला शिव्या घाला, पण आधी आत जा."

कुणी शिवी दिली नाही. एकजण खोकत खोकत उठला, मग दुसरा, मग सगळेच दाराकडे सरकले. आतून साहेब ओरडले, "हवालदार! थांबवा त्यांना!"

नवरा दारातच होता. सोळा वर्षांच्या सवयीने त्याचा हात आपोआप वर गेला, पंजा समोर. अकराही जण जागच्या जागी थांबले. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं. त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत हात तसाच वर होता. मग तो बाजूला सरला आणि चौकात खोळंबलेल्या गाड्यांना सोडतो तसा हात फिरवून त्याने सगळ्यांना आत सोडलं.