उस्तादांची सहल

एकतीस वर्षं सहलीची बस चालवून उस्तादांनी लोकांना डोंगर दाखवले आणि स्वतः बघितला तो रस्ता. पाच दिवसांची सहल, तीन राष्ट्रीय उद्यानं, शेवटच्या दिवशी बर्फाचं शिखर. परत आले की बस धुवायची आणि पुढची माणसं भरायची. बायको म्हणायची, "एकदा मलाही न्या की!" उस्तादांचं उत्तर ठरलेलं, "रिटायर झालो की नेतो." असले शब्द द्यायला माणसाचं काय जातं?

रिटायर झाले तोवर बायकोच्या डोक्यातून एकेक माणूस पुसला जायला लागला होता. आधी शेजारीण गेली, मग सून, मग पोटचा मुलगा. आपला नंबर काही लागायचा नाही, असं उस्ताद धरून चालले होते. मुलाचा विरोध असताना त्यांनी हट्टाने त्याच सहलीची दोन तिकिटं काढली. खिडकी अर्थातच तिला.

बस शहराबाहेर पडते न पडते तोच ती त्यांच्याकडे वळून अदबीने म्हणाली, "भाऊ, जरा हळू बोला हं. आमचे हे गाडी चालवतायत."

स्टिअरिंगवर उस्तादांच्याच हाताखाली तयार झालेला त्यांचा जुना क्लीनर होता. उस्ताद घालायचे तसाच निळा शर्ट, तशीच रुंद पाठ. उस्तादांनी खिशातून आपला तरुणपणीचा फोटो काढून दाखवला. ती केवढी खूश झाली! "हेच ते," म्हणाली आणि ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

हरणांचे कळप गेले, दऱ्या गेल्या, धबधबा गेला. सगळी बस खिडक्यांना चिकटायची आणि ही समोरच्या पाठीकडे बघत बसायची. चौथ्या दिवशी हळूच म्हणाली, "आणलं बघा यांनी मला. पण एकदाही मागे वळून बघितलं नाही हो. माझं काही चुकलं का?" तिचे डोळे भरले होते. इतकी वर्षं ती हेच मनात घेऊन घरात बसली असेल, हे उस्तादांना आज कळत होतं.

पाचव्या दिवशी चहाच्या थांब्यावर त्यांनी ड्रायव्हरला बाजूला घेतलं.

"शिखर दिसलं की गाडी कडेला घे. मागे वळ आणि तिला विचार, 'दिसलं का गं?'"

"उस्ताद, काकूंना मी 'गं' म्हणू? जीभ झडेल माझी!"

"माझ्यासाठी म्हण रे," उस्ताद म्हणाले.

वळणावर शिखर लख्ख समोर आलं. बस थांबली. ड्रायव्हर कसाबसा मागे वळला, कानापर्यंत लाल झालेला. "दिसलं का गं?"

"दिसलं हो!" ती हसली. असं हसताना उस्तादांनी तिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मग ती शेजारी वळली. "बघा भाऊ, मनाने फार चांगले आहेत आमचे हे. तुम्ही नाही आणलंत तुमच्या मंडळींना?"

"उशीर झाला, वहिनी," उस्ताद म्हणाले.