सलामाच्या दारातून दिसणारा तंबू

मी खल्फानचा तंबू बोलतोय. आवाज घोगरा वाटेल, शिवणींत वाळू बसलीय. खरं तर बोलायला तोंड नाही मला. पण मनाला लागून राहिलंय, म्हणून बोलतो.

माझा जन्म मस्कतच्या एका शिंप्याकडे झाला. जाड कापड, दुहेरी शिवण. खल्फानने मला इब्रा गावातल्या घरी आणलं तेव्हा त्याची बायको झुवैना म्हणाली, घरातल्या गाद्या काय टोचतात का तुला? पण गडी ऐकतोय कुठला! तासाभराच्या वाटेवर मुक्कामाजोगी जी जी जागा होती, तिथे त्याने मला उभं केलं.

त्याचं टायरचं दुकान वाळवंटाच्या तोंडाशी आहे. वाळूत गाडी घालायची तर चाकांतली हवा कमी करावी लागते, म्हणून सगळे तिथे थांबतात, आणि हवा सुटेपर्यंत विचारतात, मुक्काम कुठे करावा? की खल्फानची कळी खुललीच! तो घाफचं मोठं झाड सांगायचा. दाट सावली, मऊ वाळू, वाऱ्याला आडोसा. शहरातली माणसं बोटं चाटत परत यायची.

बोटं चाटत, कारण समोरच्या उंचवट्यावर सलामाचं घर. एकटी म्हातारी, शेळ्या हेच तिचं धन. वाळवंटातल्या लोकांची रीतच आहे, दारातून दिसेल तो पाहुणा. झाडाखाली तंबू दिसला की ही कॉफी-खजूर घेऊन हजर, आणि मागोमाग शेळी कापलेली. नको म्हणावं तर तिचा अपमान. आम्हीही कधी नको म्हटलं नाही. खल्फान ताव मारायचा आणि मी आपला ऐटीत उभा. लाज वाटते आता.

या हिवाळ्यात गेलो तर गोठ्यात तीनच शेळ्या. खल्फानने विचारलं, "मावशी, बाकीच्या कुठे गेल्या?"

"पाहुण्यांना घातल्या. तूच पाठवलेली माणसं ती, तुझं नाव सांगत येतात. तुझ्या नावाला उपाशी कसं धाडू?"

खल्फानने हातातला खजूर परत ताटात ठेवला. घरी परतल्यावर झुवैना म्हणाली, लोकांना सांगून टाक, तिकडे जाऊ नका. तो म्हणाला, काय सांगू? म्हातारीला झेपत नाही म्हणून? तिचं नाक कापल्यासारखं होईल.

मग त्याने थाप मारली. घाफखाली फुरशी फार झालीत, म्हणाला. विषारी सापाचं नाव काढल्यावर कोण जातंय? महिनाभरात वाट ओस पडली. मीही फळीवर गेलो, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं, वाचल्या शेळ्या.

ईद झाल्यावर खल्फान एक गाभण शेळी गाडीत घालून, मला बरोबर घेऊन तिकडे गेला. सलामा दारातच बसलेली. गोठ्यात तिघी खाऊनपिऊन टुणटुणीत. हिचे मात्र गाल बसलेले.

"लेका, रोज कॉफी करते आणि रोज वाळूत ओतते," ती म्हणाली. "माझ्या हातून पाहुण्यांचं काही उणं झालं का? लोक काय बोलतात माझ्याबद्दल, खरं सांग."

खल्फानला राहवेना. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. सलामा रागावली असती तर बरं झालं असतं.

"शेळ्या संपल्या असत्या, तर भावाकडून मागून आणल्या असत्या रे," ती म्हणाली. "माणसं कुणाकडून मागून आणू?"

त्याने आणलेली शेळी तिने ठेवून घेतली नाही. आमच्यासाठी मात्र स्वतःची एक कापली. खल्फान जेवला, पण पाण्याबरोबर औषधाची गोळी गिळावी तसा.

आता तो दुकानात प्रत्येकाला सांगतो, साप-बिप काही नाही, मीच खोटं बोललो होतो. लोक हसतात आणि दुसरीकडे गाडी वळवतात. ज्याच्या शब्दावर डोळे मिटून निघायचे, त्याचं आता कोणी ऐकत नाही. दर शुक्रवारी तो मला एकट्यानेच त्या झाडाखाली उभं करतो. सलामा येते, आमच्यापलीकडे रस्त्याकडे बघत बसते.

माझं तरी ऐका. तिथे फुरशी नाहीत हो. या.