हिरादेवीची दंडार

सौंदडच्या शाळेचे केशोराव मास्तर नागपुरात शिकताना संगीत नाटकं पाहून आले होते. तेव्हापासून आपल्या मुलखाचं काहीतरी जुनं, अस्सल लोकांपुढे आणायचं, या ध्यासानं त्यांना पछाडलं होतं. गावात सगळे हिरादेवीच्या दंडारीची आठवण काढत. ढोलकीवर नाचत-गात सांगायची ती एका राणीची गोष्ट. मानमोडीच्या तापाच्या साथीत दंडारीच्या मंडळातली बहुतेक माणसं गेली आणि दंडार बंद पडली, त्याला वीसेक वर्षं होत आली होती.

गावात उदाराम तेवढे उरले होते. तरुणपणी ते लुगडं नेसून हिरादेवी होत. आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण मास्तरांनी विचारताच त्यांनी अंगणातच राणी नाचून दाखवली. राजा लढाईला निघतो, आणि राणी त्याच्याकडे बघत उलट्या पावलांनी घरात जाते. मास्तरांच्या अंगावर काटा आला. पुढे काय होतं, त्यांनी विचारलं.

"पुढं मी मरतो," उदाराम म्हणाले. "मंग मी मांगं जाऊन बिडी वढत बसो. शेवट मी कवाच पाहेला नाही."

झालं. शेवट मास्तरांनाच रचावा लागला. राजा परततो, चितेभोवती दिव्यांचा नाच होतो आणि ज्योतींतून राणी हसत उठते. चाल त्यांनी नागपुरात ऐकलेल्या पदांच्या वळणावर बेतली. ही लबाडी आहे हे त्यांना कळत होतं, पण मंडई, म्हणजे गावची जत्रा, तोंडावर आली होती.

दिवाळीनंतरच्या त्या मंडईत, भर दुपारी, खेळ उभा राहिला. राणी उलट्या पावलांनी निघाली तेव्हा लोक हसले. हे मास्तरांचं नागपुरी खूळ, असं कुणी म्हणालं. दिव्यांचा नाच मात्र सुरू झाला आणि गावातल्या म्हाताऱ्या धुरपताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आपला बाप अस्साच नाचायचा, असं त्या शेजारणीला सांगत राहिल्या.

उदाराम तर मास्तरांना भेटायलाच आले. आता शेवट आठवला म्हणाले, अगदी असाच होता. मास्तरांनी हळूच सांगितलं की तो शेवट आपण रचला. उदाराम चिडले.

"तुमाले काय ठावं? तुमी तवा होते कोठी?"

पुढल्या वर्षी मास्तरांना आमगावात जुन्या मंडळाचे ढोलकीवाले सापडले, शालीकराम. त्यांनी खरा शेवट सांगितला. राजा परततो, दारात बसून राणीला हाका मारतो आणि ढोलकी थांबते. मग कुणी गात नाही. लोक तसेच उठून घरी जातात. ऐकून मास्तरांना आपला शेवट एकदम पोरकट वाटू लागला.

त्यांनी गावात येऊन हे सांगितलं. गाव बिथरलं, आणि सगळ्यांच्या पुढे उदाराम.

"जुन्या दंडारीत नवं घुसवू नका, मास्तर. ते उलटं चालनंबी काढून टाका."

ते चालणं त्यांनीच शिकवलं होतं, हे त्यांना आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं, कोण जाणे.

त्या वर्षीच्या मंडईत ढोलकीला खुद्द शालीकराम बसले. दिवे पुढे आले, आणि मास्तरांनी झांज उचलायच्या आत लोकांनीच पद धरलं. खेळ संपल्यावर मास्तर शालीकरामांपाशी जाऊन उभे राहिले. माफी मागावी तर कशाची, तेच त्यांना सुचेना.

"रायू द्या," शालीकराम ढोलकीची दोरी सैल करत म्हणाले. "आमचा शेवट पाहून लोकं घरी जाऊन जेवत नवते."