गच्चीवरचा डबा

मोठीआईने जन्मात कधी नाकावर माशी बसू दिली नव्हती, आणि आता त्याच नाकाला तिच्याच घरात वास येत होता. तोही नवऱ्याच्या, आप्पांच्या खोलीत. खोलीला लागून बाथरूम होतं, पण आप्पा सात महिने मांडीचं हाड मोडून अंथरुणात. वास कशाचा, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं तेच आप्पांनाही वाटत होतं.

"माझ्याच अंगाचा आहे गं," परवा ते मोठीआईला म्हणाले. "रविवारी मुलगा त्या वृद्धाश्रमाचे कागद आणतोय. मीच सांगितलंय. सही करतो, म्हणजे सुटाल तुम्ही."

वास यायला लागल्यापासून ते पाणीही अर्धाच पेला पीत. जास्त प्यायलं की लघवीला भांडं मागावं लागतं ना.

मोठीआईने सुनेला फैलावर घेतलं, फिनेलच्या बाटल्या रित्या केल्या, आप्पांना दिवसातून दोनदा पुसून काढलं. चादरी तर ती रोज स्वतः धुऊन गच्चीवर वाळत घाली. वास काही हलेना. शनिवारी सकाळी सुनेने न विचारताच प्लंबर बोलावला.

"आता हा काय अत्तर शिंपडणार?" मोठीआई म्हणाली.

प्लंबरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बाथरूमच्या कोपऱ्यातली मोरीची जाळी उचलली. "आजी, इकडे बघा. ह्याच्या तळाला पाणी साठून राहतं. तेच झाकण. ते आहे तोवर गटाराची हवा वर येत नाही. आता बघा हं."

त्याने फ्लश ओढला. कमोड गुडगुडलं, आणि मोरीतलं पाणी कुणीतरी खालून घटाघटा पिऊन टाकावं तसं खाली गेलं.

"गेलं झाकण," प्लंबर म्हणाला. "पाणी पाईपातून पडताना मागून हवा ओढतं. ती मिळावी म्हणून एक उघडा पाईप वर गच्चीपर्यंत नेतात. तिथून मिळाली नाही तर ते इथलं पाणी ओढून नेतं. तुमच्या पाईपाचं तोंड कुठंय?"

मोठीआई गप्प झाली. सुनेने चमकून बघितलं. लग्न होऊन आल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

गच्चीवर कपड्यांच्या दोरीमागे कमरेएवढा पाईप उभा होता. त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर उपडा डबा, आणि डब्याला तार.

"कुणी बांधलं हे?"

"वाऱ्याने येऊन बसलं असेल."

"वारा तारेला दुहेरी गाठ मारतो होय, आजी?"

"आमच्याकडचा वारा फार गुणाचा आहे. तू तुझं काम कर."

त्याने पकडीने तार तोडली. मोठीआई पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकली. आप्पा पडले, धुणं वाढलं, तेव्हा तिनेच ही नवी दोरी इथे बांधली होती. शेजारीच हा पाईप उघड्या तोंडाने वास सोडत उभा. आप्पांच्या चादरींना तो लागू नये म्हणून तिने त्याचं तोंड बांधून टाकलं. चादरी वाचल्या, आणि वास मुकाट्याने जिना उतरून आप्पांच्या उशाशी जाऊन बसला.

प्लंबरने पाईप डोक्याच्या वर जाईल इतका वाढवला आणि तोंडाला जाळी बसवली. "दोरी तेवढी पलीकडे न्या. आणि खाली मी पाईप जुना झाला होता म्हणून सांगतो. तुमचं नाव कशाला मध्ये."

खाली येऊन त्याने मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, फ्लश ओढला. पाणी जरासं थरथरलं आणि जागीच राहिलं. आप्पांना दारातूनच ऐकवून तो गेला, "आजोबा, पाईप जुना होता. वास त्याचाच."

आप्पा हसले. पाहुण्याला हसतात तसं.

"चांगला पढवलास गं त्याला," तो गेल्यावर ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून. पण मी उद्या सही करणार."

मोठीआईने पाईपाची सगळी हकिकत सांगितली असती, तरी त्यांनी ती अशीच हसून ऐकली असती. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्या तोंडून सगळं ऐकलं होतं, एक वाक्य सोडून. ती उठली, सुनेच्या कानावर जायला नको म्हणून दार लोटलं. मग काय वाटलं कोण जाणे, परत उघडलं.

"पाईप जुना नव्हता. मी डबा बांधला होता त्याच्यावर. तुमच्या चादरींना वास नको म्हणून." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझं चुकलं."

आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. स्वयंपाकघरात सुनेच्या हातातला चमचा पडला.

"पुन्हा म्हण."

"एकदाच मिळतं ते. ऐकू आलं नसेल तर कान तपासून घ्या."

"तू चुकलीस," आप्पा सावकाश म्हणाले, "म्हणजे पाईपच होता खरा." आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता डोळे भरले, ते त्यांनी चादरीलाच पुसले. "पाणी दे."

सवयीने तिने पेला अर्धा भरला.

"भरून दे की. पण मग भांडं लागेल हं."

"लागू दे," मोठीआई म्हणाली आणि पेला काठोकाठ भरला.