सरूबाईंचं गिऱ्हाईक

मिनलचा नवा पत्ता किती जणांना ठाऊक आहे, हे रसिकाने यादी करून मोजून ठेवलं होतं: चार. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली रसिका भाईंदरच्या महिला मदत केंद्रात नोकरीला लागली, तरी तिची तपासून बघायची सवय काही गेली नव्हती. मिनलने मारकुट्या नवऱ्याविरुद्ध संरक्षण आदेशासाठी अर्ज केला होता आणि सुनावणी सोमवारी होती. अर्जावर केंद्राचा पत्ता होता. खारी गावातल्या नव्या खोलीचा पत्ता बंद पाकिटात, फक्त कोर्टासाठी. तो नवऱ्याला, रोहितला कळला, तर मिनलला पुन्हा बोचकं उचलून पळावं लागणार होतं.

गुरुवारी मिनल खुशीत सांगून गेली की, पालीच्या कोळीण सरूबाई आता नव्या घरीही मांदेली आणून देतात. रोहितच्या दारीही त्याच सरूबाई जात होत्या.

रसिकाने थेट पालीची बस पकडली. सरूबाई दारात बोंबील वाळत घालत होत्या. केंद्राचं नाव न काढता रसिकाने प्रयोगच करून पाहिला. आपण मिनलची मैत्रीण, खारीत तिची बिल्डिंग कुठली, असं अगदी सहज विचारलं.

सरूबाईंनी हातातला बोंबील खाली ठेवला. "खारीचं नाव मी घेतलं काय, बाय?"

रसिकाचा चेहरा उतरला. एवढी पाकिटं चिकटवून शेवटी पत्ता फुटला होता तो तिच्याच तोंडून. मग तिने सगळं खरं सांगून टाकलं.

सरूबाई हसल्या. परवा रोहित येऊन गेला होता म्हणे. घासाघीस न करता दोन पापलेटं घेतली, तेव्हाच त्यांना वास आला होता.

"त्याला काय सांगितलंत, मावशी?"

"कालवन कसं करायचं, ते सांगितलं."

मग त्यांनी समजावलं. गिऱ्हाईकाचं घर सांगितलं, की दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्या कोळणीची पाटी उतरते. "माजी सख्खी जाव गोदू बारा वर्सं इचारते हाय. तिला न्हाय सांगितलं, त्या मेल्याला सांगीन?"

परतताना रसिकाने यादीत चाराचे पाच केले. मग यादीच फाडून टाकली.

सोमवारी आदेश मिळाला. रोहितला मिनलच्या वाऱ्यालाही उभं राहायची बंदी झाली.

बुधवारी सकाळी सरूबाई रसिकाच्या दारात पाटी उतरवून बसल्या. आपला पत्ता कुणी दिला, हे रसिकाने तीनदा विचारलं. सरूबाई मुकाट्याने मांदेलीचा वाटा काढत राहिल्या.