सिस्टर गोड बोलल्या तेव्हा

कोणी गोड बोललं की त्या फ्रिजवाल्या मेकॅनिकला धडकीच भरायची. कारण तो स्वतः गिऱ्हाइकाशी गोड कधी बोलायचा? कॉम्प्रेसर पार कामातून गेला की. जो फ्रिज वाचणार असेल, त्याच्या मालकाला दार उघडं ठेवलंत म्हणून फाडफाड झाडायचा. ज्याचं काही खरं नाही, त्याला मात्र हळूच म्हणायचा, "घेऊन जा, चालेल थोडे दिवस."

आणि आज त्या खाष्ट सिस्टर त्याच्याशी गोड बोलल्या! दिवस भरायच्या आत जन्मलेली त्याची लेक काचेच्या पेटीत होती. हात नीट धुतले नाहीत म्हणून रोज खेकसणारी ही बाई आज म्हणाली, बाळाच्या आईला ताप आहे, तेव्हा तुम्हीच शर्ट काढून बसा, लेकीला छातीवर ठेवू, तुमच्या अंगाची ऊब तिला मानवेल.

चांगली चालती पेटी सोडून माणसाची ऊब? म्हणजे यांनी हात टेकले. शेवटचं घ्या जवळ, असंच ना? आणि बायकोला ताप आलाय हे तरी खरं कशावरून? तिला कळू नये म्हणून हे नाटक असेल. त्याने पेटीच्या काचेला हात लावला, वाकून प्लगही पाहिला. पेटीत काहीच बिघाड नव्हता. मग तर त्याचा संशय पक्काच झाला.

मूठभर जीव छातीवर आला. नाकात नळी, डोक्याला टोपी. सिस्टरांनी वरून चादर गुंडाळली. पोर काही हलेना. मॉनिटरवरचे आकडे ठीक होते, पण त्यांच्यावर विश्वास कोणी ठेवायचा? शेवटी न राहवून, श्वास चाललाय का ते बघायला त्याने चादर उचलली.

"काय चाललंय तुमचं?" सिस्टर कडाडल्या. "सगळी ऊब घालवलीत. झाका आधी. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. आणि उद्या येताना ती नखं कापून या, तिला ओरखडा उठला तर बघा."

त्याने झटकन चादर ओढली. नळीला धक्का लागेल म्हणून सिस्टरांनी आणखी दोन शब्द सुनावले. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण हलायचं नव्हतं, म्हणून त्याने ते पुसलंही नाही.

"बोला सिस्टर," तो म्हणाला, "अजून काय काय चुकतंय माझं?"